ब्लाउज मापाचा, मग ब्रा अंदाजपंचे का?

तापीकाठची
ब्लाउज शिवायला टाकला की मी शिंपिणीचा जीव खाते. बाही अर्धा इंच आखूड कर, मुंढ्यात काचतंय, मागचा गळा खोल नको, पुन्हा उसव. तिसऱ्या खेपेला ती दारातूनच हात जोडते. आणि त्याच ब्लाउजच्या आत जी वस्तू रोज बारा-चौदा तास अंगाला चिकटलेली असते, ती मी काउंटरवर उभी राहून, आवाज खाली घेऊन, "३६ द्या" म्हणून दोन मिनिटांत घेऊन येते. कागदात गुंडाळून. ३६ का? तर एकोणीस वर्षांपूर्वी लग्नाच्या बस्त्याला काकूने ३६ घेतल्या होत्या म्हणून. त्यानंतर दोन बाळंतपणं झाली, वजन चढलं, उतरलं, परत चढलं. नंबर तोच.

सध्याची अवस्था अशी: खांद्यावर खड्डे, मागचा पट्टा मानेकडे चढलेला, कपात वरच्या बाजूला पोकळी (दोन बोटं आरामात जातात) आणि बगलेकडून मात्र सगळं बाहेर. म्हणजे एकाच वेळी मोठीही होते आणि लहानही! आकार म्हणाल तर खाली भरलेला, वरून उतरता. पपई समजा.

विचारायचं आहे ते असं, की माप नेमकं कसं घेता, आणि आणलेली ब्रा कुणी शिंप्याकडून आल्टर करून घेतली आहे का? जळगावात मी हे विचारलं तर शिंपीणच लाजली.

पुरुष सदस्यांनी वाचायला हरकत नाही. फुकटचे विनोद नकोत.

भरीतपुरी
विनोदाची बंदी फक्त पुरुषांना आहे असं धरून चालते. पपई ठीक आहे, पण आमच्याकडे यावल-बामणोदला आकार सांगायला वांगी आहेत हे लक्षात असू दे.

धुळेकरीण
टेप घे आणि आरशासमोर उभी राहा. पहिलं माप छातीच्या खाली, पट्टा बसतो तिथे. श्वास सोडून, टेप घट्ट, मागून-पुढून एका रेषेत. दुसरं माप सगळ्यात भरलेल्या जागी, टेप सैल. हे दुसरं दोनदा घ्यायचं, एकदा ताठ उभं राहून आणि एकदा कमरेत वाकून. आकार मऊ, उतरता असेल तर दोन्हींत इंचाचा तरी फरक निघतो. मधलं धर.

पहिल्या मापाच्या जवळचा सम आकडा हा तुझा नंबर. दोन मापांतला फरक म्हणजे कप: १ इंच ए, २ बी, ३ सी, ४ डी, ५ डीडी. कितीतरी ठिकाणी अजून जुनाच हिशेब सांगतात, की खालच्या मापात चार-पाच इंच मिळवा. मग ३२ची बाई ३६ घालते आणि जन्मभर खांद्याच्या पट्ट्या आवळत बसते. ओझं पाठीच्या पट्ट्याने उचलायचं असतं. तो सैल असला की सगळा भार खांद्यांवर येतो. तुझे खड्डे तिथले आहेत.

आणि घालायची पद्धत: वाकून घालायची, हूक लावायचा, मग हाताने बगलेकडचं पुढे कपात घ्यायचं. तेव्हा खरं कळतं कप पुरतो की नाही. नवी असताना सगळ्यात सैल हुकावर बसली पाहिजे. इलास्टिक ताणलं की पुढचे हूक कामाला येतात.

रेल्वे_क्वार्टर
हे सगळं मी केलं आहे ताई. टेप, आरसा, वाकणं, सगळं. उत्तर आलं ३२ डीडी. मग भुसावळ पालथं घातलं, जळगावला दोन चकरा मारल्या. एका दुकानात काका म्हणाले, "असा नंबर येतच नाही." माझ्या अंगावर आलाय की! मोजून उपयोग काय, दुकानात ए, बी आणि नशीब असलं तर सी.

धुळेकरीण
३२ डीडी नसेल तर ३४ डी माग. कपाचं पोट तेच, फक्त पट्टा दोन इंच मोठा. तसंच ३६ बी, ३४ सी, ३२ डी या तिघींच्या कपात सारखंच मावतं. बी म्हणजे लहान आणि डी म्हणजे मोठी, ही गैरसमजूत आधी काढून टाका बायांनो. नुसत्या अक्षराला अर्थ नाही, आकड्याबरोबर वाचायचं.

काउंटरच्या_पलीकडे
पुरुष आहे, विनोद करणार नाही. धुळ्यात आमचं होजिअरीचं दुकान आहे, वडिलांपासून. रेल्वे_क्वार्टर यांना नाही म्हणणारे काका खोटं बोलत नव्हते, त्यांच्या फळीवर तो नंबर कधी आलाच नसेल. आम्ही जे खपतं ते भरतो, आणि गिऱ्हाईक जे फळीवर आहे तेच घेऊन जातं. त्यामुळे बी कपच "खपतो" असं दिसतं. मी दोन वर्षांपूर्वी सी आणि डी थोडे भरले. पहिले चार महिने धूळ खात पडले. मग बायकोला काउंटरवर बसवलं, टेप दिली आणि मागच्या गोदामाच्या खोलीत आरसा लावून पडदा टाकला. ते सहा महिन्यांत संपले. माल तोच होता. मी विचारत होतो तेव्हा कुणी खरं बोलत नव्हतं, मीही नजर वर करून विचारत नव्हतो.

भरीतपुरी
दादा, वहिनींना नमस्कार सांगा. त्यांना कमिशन सुरू करा.

मशीनवाली
मी अमळनेरला ब्लाउज शिवते, बावीस वर्षं झाली. मूळ प्रश्न माझ्या धंद्याचा आहे म्हणून सविस्तर.

कटोरी ब्लाउज तुम्ही सगळ्यांनी घातला आहे. कटोरी वेगळी कापतो, तुकडे जोडतो, आणि त्या शिवणीतून गोलाई येते. शिवणीची ब्रा म्हणजे तेच. दोन-तीन तुकड्यांचा कप. तिला टक घेता येतो, शिवण उसवता येते, ती अंगाप्रमाणे थोडी वळते. दुसरा प्रकार साच्यातल्या फोमच्या कपाचा, टी-शर्टखाली घालतात तो. ती तयार वाटी आहे. वाटीच्या आकाराचं अंग असेल तर उत्तम, नसेल तर वर पोकळी राहणारच, कारण फोम खाली लवत नाही. त्यात टक घेतला तर आत उंचवटा येतो आणि दिवसभर टोचतो. तापीकाठची ताई, तुमच्या आकाराला फोम नको. शिवणीचा कप घ्या, वरची कड नेटची किंवा ताणणारी असेल तर आणखी चांगलं.

आता दुरुस्ती. पट्टा सैल असेल तर हुकाची पट्टी दोन्हीकडून उसवायची, दोन्ही बाजूंनी मोजून सारखं कापायचं, पट्टी परत लावायची. साध्या टिपेने नाही! सरळ टीप ताण बसला की तटतट तुटते. झिगझॅग पाहिजे. घरी मशीनला झिगझॅग नसेल तर गल्लीतल्या फॉल-पिकोवालीकडे जा, तिच्याकडे असतं. दोन इंचांच्या वर कमी करू नका, कप बगलेकडे ओढले जातात.

वर पोकळी असेल तर ब्रा अंगावर असतानाच खांद्याच्या पट्टीच्या जोडाजवळ चिमूट धरायची, सेफ्टी पिन लावायची, मग उतरवून तिथे पाव इंचाचा टक. टकाचं टोक मध्यावर आणू नका, काचतं. पट्ट्या खांद्यावरून घसरत असतील तर मागचा जोड उसवून इंचभर पाठीच्या मध्याकडे सरकवायचा. उतरत्या खांद्याच्या बायकांचं अर्धं दुखणं एवढ्यावर जातं. तार बाहेर आली असेल तर आत ढकलून त्या तोंडावर जाड सुती पट्टीचे दोन-तीन फेरे हाताने शिवायचे.

बगलेतून बाहेर येतंय, त्याला मात्र इलाज नाही. कप लहान आहे, कपडा कुठून आणू? ब्लाउजला आम्ही शिवणीत माया ठेवतो, पुढेमागे सोडता यावी म्हणून. ब्रामध्ये माया नसते. तिला लहान करता येतं, मोठी करता येत नाही. म्हणून खरेदी कपाच्या हिशेबाने करायची आणि पट्टा नंतर आवळायचा.

भरीतपुरी
"ब्रामध्ये माया नसते." हे मी फ्रेम करून कपाटाच्या आतल्या दाराला लावणार आहे.

रेल्वे_क्वार्टर
मशीनवाली ताई, दंडवत. ३४ डी आणून दोन इंच काढते. इतकं सोपं असेल तर मी आजवर रडले कशाला!

नंदुरबारी_मिरची
एवढा उपद्व्याप कशाला? आम्ही सकाळच्या गाडीने सुरतेला जातो, मोठ्या दुकानात ट्रायल रूम असते, सहा घालून बघायच्या, दोन आणायच्या. नाहीतर ऑनलाइन दोन-तीन नंबर मागवायचे आणि नको ते परत.

धुळेकरीण
परत करायच्या आधी नियम वाचा. आतले कपडे बऱ्याच ठिकाणी परत घेत नाहीत. माझ्याकडे अशा तीन पडून आहेत.

खापरपोळी
थोडं अवांतर. माझी मोठी आई पारोळ्याकडची. जन्मभर चोळी घातली, पुढे गाठ मारायची. मी बारावीत असताना पहिल्यांदा चांगल्यातली ब्रा आणली आणि ती काचते म्हणून रडत होते, तर ती खाटेवरून म्हणाली, "व माय, नंबरनं काय खूळ शे! आंग रोज येक सारखं ऱ्हास का?" तेव्हा हसले. आता वाटतं, बरोबरच बोलली. तिची गाठ रोज नव्याने बसायची. पाळीच्या आधी अंग भरलं की गाठ सैल, दिवस गेले की सैल, बाळाला पाजताना सोडली की झालं. आपण महिन्यातले चार दिवस "आज ही ब्रा काय टोचतेय" म्हणत तेच तीन हूक मोजतो.

सातपुड्याची_सावली
खापरपोळी, यात गंमत अशी की अमेरिकेत १९१४ साली मेरी फेल्प्स जेकब नावाच्या बाईने ज्या ब्राचं पेटंट घेतलं, तिची सुरुवात दोन हातरुमाल आणि रिबिनीपासून झाली होती. म्हणजे गाठीचीच! ए-बी-सी-डी कप तर त्यानंतर, १९३०च्या दशकात आले.

खापरपोळी
म्हणजे मोठ्या आईने पेटंट घ्यायला हवं होतं.

भरतीवाली_पोर
मी चोपड्याची, पोलीस भरतीची तयारी करते. ८०० मीटर धावायचं असतं. आमच्या ग्राउंडवर निम्म्या मुली दोन ब्रा एकावर एक घालतात, वरून घट्ट टी-शर्ट. श्वासच पुरत नाही शेवटच्या २०० मीटरला. घरी स्पोर्ट्स ब्रा म्हटलं की "ते काय असतं, महाग असेल" एवढंच. काय करू?

धुळेकरीण
दोन घालणं आधी बंद कर बाळा. फासळ्या आवळल्या तर फुप्फुस फुगणार कुठे? स्पोर्ट्स ब्राचे दोन प्रकार असतात. एक नुसती दाबून सपाट करणारी, अंग लहान असेल तर ती चालते. दुसरी दोन्ही बाजूंना वेगवेगळे कप असलेली. अंग भरलेलं असेल तर ती. पट्टा रुंद, पाठीवर पट्ट्या एकत्र येणाऱ्या. दुकानात घालून जागच्या जागी वीस उड्या मार. लाज वाटली तरी मार. आणि खोल श्वास घेऊन बघ, अडकला तर नको.

काउंटरच्या_पलीकडे
आमच्याकडे आलीस तर मागच्या खोलीत उड्या मारायला जागा आहे. बायकोने सांगायला सांगितलं आहे.

केळीबाग
माझं मत वेगळं. मे महिन्यात रावेरला पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा हे सगळं शास्त्र गुंडाळून ठेवावं. मी घरात घालतच नाही, वरून सुती ओढणी. कुणाला पोटशूळ उठला तर उठो. त्यातून तारेच्या ब्राने कॅन्सर होतो असं ऐकलंय, म्हणून तार तर मी कधीच घेत नाही.

पांढरा_कोट
मी नर्स आहे, म्हणून दोन ओळी लिहिते. घरात न घालणं ही तुमची मर्जी, त्याने काही बिघडत नाही. पण तारेने किंवा घट्ट ब्राने कॅन्सर होतो याला पुरावा नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी २०१४ साली पाळी गेलेल्या बायकांचा नेमका यासाठी अभ्यास केला. तार, रोजचे तास, कितव्या वर्षापासून घातली, कशाचाच संबंध निघाला नाही.

उन्हाळ्यात आमच्याकडे जे खरोखर येतं ते घामाने खाली पडणारे लाल चट्टे आणि बुरशी. धुतल्यावर ती घडी कोरडी करा, मगच घाला. सुती घ्या, घामेजली की बदला, ओलसर परत घालू नका. पावडर थापून बुरशी जात नाही, आणि मेडिकलवाल्याने दिलेलं कुठलंही मलम चोळत बसू नका.

आणि एक गोष्ट. दोन्ही बाजू थोड्या लहान-मोठ्या असणं नेहमीचं आहे, मोठ्या बाजूच्या मापाने घ्या, दुसरीकडे पातळ पॅड घाला. पण एकाच बाजूचा आकार अलीकडे बदलला, कुठे ओढल्यासारखं झालं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसली, गाठ लागली, बोंडातून रक्त आलं, तर नवी ब्रा शोधू नका. डॉक्टरकडे जा.

एक_बाजू
इतके दिवस नुसती वाचत होते. पांढरा_कोट यांचं शेवटचं वाचून लिहावंसं वाटलं.

माझी डावी बाजू काढून सहा वर्षं झाली. गाठ हाताला लागूनही मी पाच महिने गप्प होते, ते जाऊ दे. ऑपरेशननंतर घरी आले आणि पहिला प्रश्न लग्नकार्याचा पडला, ब्लाउज एका बाजूने पडलेला. आधी कापूस भरला, खान्देशातल्या बाईला कापसाची काय कमी. पण कापूस हलका. दोन तासांत ब्रा त्या बाजूने गळ्याकडे चढायची, आणि मी चारचौघांत पदराआडून ओढत बसायचे. तेव्हा कळलं की तिथे नुसता आकार नाही, वजन लागतं. वजन नसेल तर खांदाही एकीकडे कलतो.

मग वहिनीने जुन्या होजिअरी बनियनचा तुकडा कपाच्या आतून शिवून खिसा केला, वरचं तोंड बगलेकडून उघडं. मी मलमलची पिशवी शिवली आणि त्यात मोहरी. आरशासमोर उभी राहून चमच्या-चमच्याने. एक चमचा घालायचा, पिशवी खिशात सारायची, दोन्ही खांदे बघायचे, परत काढायची. वहिनी मागे डबा धरून उभी. तेराव्या चमच्याला ती म्हणाली, "बस, झालं." त्या दिवशी आम्ही दोघी किती हसलो!

मोहरीने उन्हाळा काढला. पावसाळ्यात एकदा भिजून बसमधून आले आणि पिशवी तशीच विसरले, तर दोन दिवसांनी वास. आता सिलिकॉनचं घेतलं आहे. ऑपरेशन होतं तिथेच विचारा, कुठे मिळेल ते बहुतेक वेळा सांगतात. पण खिसा अजून वहिनीच शिवते, साध्या सुती ब्राला. पट्टा रुंद हवा, मधला भाग उंच हवा, तार नको. शिवणाऱ्या बाईंना माहीत असावं म्हणून लिहिलं.

मशीनवाली
ताई, खिशाचं तोंड बगलेकडून का ठेवलं? वरून ठेवलं तर वाकल्यावर बाहेर येतं म्हणून?

एक_बाजू
हो. पहिला वरूनच होता. देवाला नमस्कार करायला वाकले आणि मोहरी देवापुढे.

मशीनवाली
कुणाला खिसा हवा असेल तर माझ्याकडून शिवून घ्या. याचे पैसे घेणार नाही.

सातपुड्याची_सावली
धाग्यावर आता काही लिहायला हात धजत नाही. पण धुण्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून: हूक लावून धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. आमच्याकडच्या उन्हात इलास्टिक हां हां म्हणता मरतं. आणि टॉवेलखाली लपवून वाळवणाऱ्यांनो, ती ओलीच राहते. बुरशी तिथूनच सुरू होते.

केळीबाग
तारेबद्दलचं मागे घेते. ओढणीबद्दलचं नाही.

तापीकाठची
धागा काढून मी पळून गेले असं वाटलं असेल. पंधरा दिवस प्रयोग चालू होते.

माप निघालं: खाली ३४, उभी ३७, वाकून ३८. मधलं साडेसदतीस धरलं तर फरक साडेतीन, म्हणजे सी आणि डीच्या मध्ये. ३४ डी जळगावात मिळाली नाही. ३६ सी मिळाली, शिवणीच्या कपाची, साधी पांढरी, सुती. मशीनवाली ताईंचं वाक्य आठवून घेतली. बगलेतून बाहेर येणं पहिल्या दिवशीच थांबलं. म्हणजे एकोणीस वर्षं माझ्या पट्ट्याला दोन इंच जास्त आणि कपाला एक अक्षर कमी होतं.

पट्टा मी अतिशहाणपणाने घरी कापला. एकीकडे दोन बोटं, दुसरीकडे दोन बोटं, पण डाव्या हाताची बोटं आणि उजव्या हाताची बोटं सारखी नसतात हे कापल्यावर कळलं. हूक पाठीच्या मध्यावर येईना. वर सरळ टीप मारलेली, पहिल्या शिंकेला तुटली. दुसरी मुकाट्याने पिकोवालीकडे नेली. तिने आधी "हे आम्ही करत नाही" म्हटलं. मी म्हटलं, ब्लाउजचा पट्टा समजा. दहा मिनिटांत करून दिलं, तीस रुपये. वर म्हणाली, "माझ्या पण आणू का उद्या?" स्वतःच्याच दुकानात, मलाच विचारते!

वरची पोकळी अजून थोडी आहे, डावीकडे जास्त. तिथे टक घेते आहे.

आखाजीला माहेरी गेले तेव्हा टेप पर्समध्येच होती. आईला वय वर्षं ६९ला पहिल्यांदा मोजलं. ती ४० घालते, खालचं माप निघालं ३५. टेपकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुझ्या काकूला सांगू नको."

भरीतपुरी
काकू म्हणजे बस्त्यावाली काकू?

तापीकाठची
तीच. पुढच्या महिन्यात तिच्या नातीचा बस्ता आहे.

रेल्वे_क्वार्टर
भुसावळला झिगझॅगवाली पिकोची बाई कुणाला माहीत आहे का? स्टेशनच्या बाजूची असेल तर बरं.